हातातल्याच फोनवर दुकानाचं मार्केटिंग: कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी पहिल्यापासून

कोल्हापुरात कुठल्याबी गल्लीत जावा, कोण घरात कांदा-लसूण चटणी करून विकतंय, कोण हुपरीहून चांदीचे पैंजण आणून ओळखीत देतंय, कोण चप्पल लाईनला वडिलांच्या दुकानात बसतंय, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "इन्स्टावर चालू करायचंय, कॅमेरा कुठला घेऊ?" माझं काम मोबाईल आणि ॲक्सेसरीचं, त्याबरोबर ओळखीतल्या दुकानांची पेजेस पण बघतो, त्यामुळं हा प्रश्न काउंटरवर रोजचा. उत्तर सरळ आहे, कॅमेरा घेऊ नका. गेल्या चार-पाच वर्षातला कुठलाबी बरा फोन असेल तर काम भागतंय. गिऱ्हाईक तुमच्याकडं येतंय ते त्याला माल नीट दिसला, भाव कळला आणि मेसेजला लगेच उत्तर मिळालं म्हणून, आणि या तिन्हीला फारसा पैसा लागत नाही.

मी खाली चपलेच्या दुकानाचं उदाहरण धरून सांगतोय, तुमचं दुसरं काही असेल तर त्याप्रमाणं बदलून घ्या.

फोन तयार करा

पहिलं काम, मागची लेन्स पुसा. हसू नका, फोटो धुरकट येतोय, दिव्याभोवती रेघा पसरतायत अशी तक्रार घेऊन जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांची लेन्स नुसती बोटाच्या तेलानं चिकट झालेली असते. चष्म्याचं मऊ फडकं घ्या, शर्टाच्या टोकानं पुसू नका, धुळीचा कण असला तर ओरखडा पडतोय. आणि सेल्फी कॅमेऱ्यानं माल शूट करायचा नाही, मागचा कॅमेरा जवळपास सगळ्याच फोनमध्ये जास्त चांगला असतो.

मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ १०८०पी, ३० फ्रेमवर ठेवा. लोक ४के वर शूट करतात आणि आठवड्यात फोन भरला म्हणून परत येतात. १०८०पी ला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जातात, फोन व्हिडिओ कसा सेव्ह करतोय त्यावर, आणि ४के ला त्याच्या अडीच-तीन पट. इन्स्टावर बघणाऱ्याला मोबाईलच्या स्क्रीनवर त्यातला फरक फारसा कळत नाही. ग्रिड लाईन चालू करा म्हणजे फोटो तिरका येणार नाही.

दुकानाच्या एलईडीखाली व्हिडिओ घेतला की काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात, हे लई जणांना छळतंय आणि ते कॅमेरा खराब झाला असं समजतात. कॅमेरा खराब नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला ते कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सेटिंग हातानं बदलायची सोय, असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, पट्टे जातात. प्रो मोड नसेल तर दिवा बंद करून दारात या, तसंबी दारातला उजेडच चांगला असतोय.

उजेड, सगळ्यात महत्त्वाचा

इथं वेळ द्या. रिंग लाईट, सॉफ्टबॉक्स, गिंबल यातलं काही आत्ता नको.

चप्पल लाईनची दुकानं बघा, आत पिवळे बल्ब नाहीतर पांढरे एलईडी आणि बाहेर रस्त्यावर ऊन. आत काउंटरवर चप्पल ठेवून फोटो काढला की एका बाजूनं पिवळा आणि दुसऱ्या बाजूनं निळसर उजेड पडतो, आणि बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा जो मधाळ तपकिरी रंग आहे तो फोटोत कुठंच दिसत नाही, एका फोटोत लाल आणि दुसऱ्यात पिवळट. गिऱ्हाईकाला पार्सल मिळतं आणि ते म्हणतं रंग वेगळा आहे, इथंच परतीची भानगड सुरू होते.

म्हणून असं करा. सकाळी दुकान उघडल्यावर, गर्दी व्हायच्या आत, उंबऱ्याच्या जरा आत एक स्टूल ठेवा, ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर आहे अशी जागा बघून. स्टुलावर फिकट रंगाचं कार्डशीट, मागच्या बाजूला भिंतीला टेकवून वर वळवायचं म्हणजे मागं कोपरा दिसत नाही. आतले सगळे दिवे बंद. चप्पल अशी ठेवा की दारातला उजेड एका बाजूनं येईल, समोरून नाही, बाजूनं आला की वेणीचा प्रत्येक पेड, पट्ट्यावरची शिलाई आणि गोंडा उठून दिसतो. दुसऱ्या बाजूला सावली जास्त काळी पडली तर तिकडं पांढरं थर्माकोल धरा, सावली लगेच हलकी होते. मग स्क्रीनवर चपलेवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथं लॉक होतो, आणि बाजूला जी सूर्याची खूण येते ती जरा खाली ओढा, फोन आपोआप फोटो जास्तच उजळ करतो आणि कातड्याचा रंग उडतो. डिजिटल झूम करायचा नाही, फोन जवळ न्या, लई जवळ नेऊन धूसर दिसायला लागलं की एक वीत मागं या.

एका चपलेचे पाच फोटो पुरेत. वरनं, बाजूनं, तळवा, वेणी जवळनं, आणि एक पायात घालून. पायात घातलेला फोटो कधी चुकवायचा नाही, अंगठा कुठं बसतो आणि चपलेचा कान, म्हणजे बाजूची पट्टी, किती पसरतोय हे त्याशिवाय कळत नाही.

पावसाळ्यात लोक म्हणतात उजेड नाही. उलट ढगाळ दिवसाचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या मऊ पडतात, मालाचे फोटो त्यातच चांगले येतात. फक्त गार खोलीतनं दमट हवेत फोन आणला की लेन्सवर वाफ धरते, तेवढी जाईपर्यंत थांबा.

आवाज

व्हिडिओत बोलणार असाल तर उजेडानंतर पैसे इथं घाला. महाद्वार रोडला दुकान असेल तर रिक्षाचे हॉर्न, शेजारच्या दुकानातली गाणी, हे सगळं फोनच्या माईकमध्ये जातं आणि तुमचा आवाज दबतो. कॉलरला लावायचा वायरलेस माईक हजार-दोन हजारात मिळतो, सुरुवातीला भागतो. घेताना फोनचं पिन बघून घ्या, आयफोन १५ पासून टाईप-सी आलंय, त्याच्या आधीच्या आयफोनला लाईटनिंग लागतं, चुकीचा रिसीव्हर घेऊन गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी परत येतात. दुकानातच लावून, रेकॉर्ड करून, ऐकून मगच पैसे द्या.

पण कोल्हापुरी चपलेचा स्वतःचा एक आवाज आहे, करकर वाजणारी जोडी मागणारी माणसं अजून आहेत. ते वाजणं दाखवायचं असेल तर माईक किंवा फोन पायाजवळ जमिनीलगत धरा, शांत वेळ निवडा, चार पावलं चालून दाखवा, आणि त्यावर गाणं टाकू नका. पुण्या-मुंबईतला कोल्हापूरचा माणूस तेवढ्यासाठी थांबून ऐकतो.

तिसरा खर्च ट्रायपॉडचा, पाचशे-हजारातला साधा चालतो, फक्त फोन लावून हलवून बघा, डुगडुगत असेल तर दुसरा. बास, एवढंच सामान.

चार्जिंग आणि जुना फोन, थोडक्यात

पॉवर बँकवर १०००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं मोजमाप, फोनला पोचतात साधारण ६००० च्या आसपास, व्होल्टेज बदलताना बाकीचं जातं. डब्यावर बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी लिहिलेली असते, तो आकडा बघायचा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर पासून सुरू होणारा नोंदणी नंबर नसेल तर पॉवर बँक घेऊच नका, बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकून खरा-खोटा बघता येतो. फोन चार्जिंगला लावून लाईव्ह करू नका, तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते आणि बॅटरीचं आयुष्य उष्णतेनंच कमी होतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत फोन ठेवायचा नाही, त्याच कारणानं.

दुकानासाठी वेगळा सेकंड हँड फोन घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी *#०६# डायल करा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, दिसेल, मग इंग्रजीत KYM लिहून, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर १४४२२ ला एसएमएस करा. फोन ब्लॅकलिस्टला असेल तर कळतं. बिल मागा, बिल नाही म्हणाला तर तो सौदा सोडा, मग भाव कितीबी कमी असू दे.

खातं कुठं उघडायचं

सगळे इन्स्टापासून सुरू करतात, मी गुगल बिझनेस प्रोफाईलपासून करा म्हणतो. फुकट आहे. अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरून आलेला माणूस देवळातनं बाहेर पडला की फोनवर जवळचं चपलेचं दुकान शोधतो, तिथं तुमचं नाव, वेळ, फोटो आणि नंबर दिसला पाहिजे. पत्त्यात खूण लिहा, भवानी मंडपापासून कुठल्या बाजूला, गाडी बिंदू चौकात लावायची का कुठं. नवरात्रात दुकानाची वेळ बदलते ती पण तिथं बदला, बंद दुकानासमोर येऊन उभा राहिलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. रिव्ह्यू फक्त खऱ्या गिऱ्हाईकाकडून घ्या, बिल देताना सरळ विचारा, "ताई, माल आवडला तर गुगलवर दोन ओळी लिहा की." विकतचे रिव्ह्यू गुगल काढून टाकतं, कधी प्रोफाईलच बंद पडतं.

मग व्हॉट्सॲप बिझनेस. यासाठी दुसरं सिम घ्या, एकच नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपला आणि बिझनेसला दोन्हीकडं चालत नाही, आणि घरचे मेसेज आणि गिऱ्हाईकांचे मेसेज एकत्र झाले की दोन्ही चुकतात. कॅटलॉगमध्ये माल टाका, ५०० पर्यंत वस्तू बसतात पण सुरुवातीला दहा-पंधरा चांगल्या फोटोच्या टाकल्या तरी लई झालं. क्विक रिप्लाय, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, करून ठेवा, पत्ता, वेळ, मापाची माहिती, कुरिअरचा खर्च, हेच चार प्रश्न दिवसभर येतात. एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून गिऱ्हाईक समोर असतानाच नंबर सेव्ह करून घ्यायला सांगा. महिन्यातनं दोन-तीनदाच पाठवा, रोज गुड मॉर्निंग पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात.

इन्स्टा तिसरं. प्रोफेशनल अकाउंट करा म्हणजे कोण बघतंय ते कळतं. बिझनेस प्रकार निवडला की सगळी गाणी वापरता येत नाहीत, तिथं मेटाच्या, म्हणजे इन्स्टाच्या कंपनीच्या, फुकट लायब्ररीतलं संगीत वापरा, दुसऱ्याचं गाणं उचलून जाहिरात केली तर आवाज बंद होतो नाहीतर रीलच निघून जाते.

काय टाकायचं

इथं लोक अडकतात, रोज नवीन काय आणायचं म्हणून. नवीन काही आणायला लागत नाही, दुकानात रोज जे चाललंय तेच दाखवा. कारागीर पट्टा शिवतोय, वेणी घालतोय, कापशी नावाच्या आणि दुसऱ्या नमुन्याच्या चपलेत फरक काय, नवीन जोडी सुरुवातीला चावते तेव्हा काय करायचं, पावसात भिजली तर कशी वाळवायची, उन्हात ठेवायची नाही, सावलीत कागद भरून ठेवायची. ही माहिती तुम्हाला साधी वाटते कारण लहानपणापासून बघताय, बाहेरच्या माणसाला ती कुठं मिळत नाही.

रील वीस सेकंदाच्या आतली करा. पहिल्या दोन सेकंदात माल किंवा हात दिसला पाहिजे, "नमस्कार मित्रांनो" म्हणेपर्यंत माणूस पुढं गेलेला असतो. फोन उभा धरायचा. स्क्रीनवर अक्षरं टाकताना मधल्या भागात टाका, खाली आणि उजव्या बाजूला इन्स्टाची बटणं येतात त्यामागं ती झाकतात. मराठीत लिहा, टाईप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डमध्ये मराठी निवडून माईकवर बोला, बऱ्यापैकी बरोबर उतरतं, पाठवायच्या आधी एकदा वाचा म्हणजे झालं.

आणि भाव लिहा. यावर माझं मत पक्कं आहे. "प्राईस इन डीएम", म्हणजे भाव मेसेजमध्ये विचारा, असं लिहिणाऱ्या दुकानाला वाटतं की गिऱ्हाईक बोलायला येईल, पण ज्याला खरंच घ्यायचंय तो भाव लिहिलेल्या दुसऱ्या पेजवर जातो आणि ज्याला नुसती चौकशी करायचीय तो तुमचा दिवस खातो.

खरं तेच लिहा. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. रेक्झिनच्या जोडीला ओरिजिनल कोल्हापुरी लेदर म्हणून विकू नका, रेक्झिन असेल तर रेक्झिन लिहा, त्यालाबी गिऱ्हाईक आहे. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल आल्या आणि देशभर चर्चा झाली, अशा वेळी "खरी कोल्हापुरी कुठं मिळेल" असं शोधणाऱ्याला तुमचं पेज स्वच्छ, भावासकट आणि खऱ्या माहितीचं सापडलं पाहिजे, आणि ते आधीपासून तयार असेल तरच सापडतं. चटणी-मसालावाल्या ताईंनी एफएसएसएआयची (खाण्याच्या मालावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी आधी करून घ्यावी, तो १४ आकडी नंबर पाकिटावर दिसला की अनोळखी माणूसबी ऑर्डर टाकायला कचरत नाही.

मेसेज आला की

सगळं जुळवून आणलं आणि उत्तरच दिलं नाही तर सगळं वाया. आमच्या ओळखीतल्या एका दुकानात काकूच फोन बघतात, त्यांची पद्धत मला लई आवडते. नाशिकहून मेसेज येतो, "काकू, नऊ नंबर मिळेल का?" काकू लिहितात, "मिळतंय की. पण नंबरवर जाऊ नको बाळा, कागदावर उभा रहा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत रेघ मार आणि सेंटीमीटर सांग. पाय रुंद आहे का बारीक?" तो मोजून पाठवतो, काकू त्याच मापाच्या जोडीचा फोटो टेपसकट पाठवतात, भाव, कुरिअर आणि किती दिवस लागतील ते एकाच मेसेजमध्ये. परत येणारी पार्सलं त्यांच्याकडं जवळजवळ नसतातच. फोटो पाठवताना एचडी निवडा नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं आणि वेणी पुसट दिसते.

जाहिरात

पहिल्या महिन्यात पैसे देऊन जाहिरात करू नका. आधी बघा कुठली रील आपोआप चालतेय, लोक कुठली सेव्ह करतायत, कुठल्या रीलखाली माप आणि भाव विचारतायत. तीच रील बूस्ट करा, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवा, न चाललेली रील पैसे ओतून चालत नाही. बूस्ट करताना उद्देश मेसेजचा निवडा, नुसते लाईक वाढवून गल्ला भरत नाही. भाग निवडताना विचार करा, दुकानात माणूस यायला पाहिजे असेल तर कोल्हापूर आणि आजूबाजूचे किलोमीटर, कुरिअरनं पाठवणार असाल तर पुणे, मुंबई. रोजची छोटी रक्कम ठेवा, आणि जाहिरातीच्या पैशावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो तो हिशेबात धरा. किती मेसेज आले आणि त्यातनं किती जोड्या गेल्या हे वहीत लिहा, ॲपमधल्या आकड्यांपेक्षा ती वही खरं सांगते.

एखाद्या इन्स्टावाल्याला पैसे किंवा फुकट चप्पल देऊन व्हिडिओ करून घेतला तर ती जाहिरात आहे असं व्हिडिओत स्पष्ट लिहायला सांगा, तो नियमच आहे.

फसवणूक आणि पासवर्ड

नवीन पेज दिसलं की फसवणारे येतातच. "आर्मीतून बोलतोय, वीस जोड्या पाहिजेत, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा," हा प्रकार लई जुना आणि अजून चालतोय. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला लागत नाही, पिनबी टाकायला लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातनं जाणार. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून पार्सल सोडू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच सोडा. दुसरा प्रकार, "तुमचं पेज कॉपीराईटमुळं बंद होणार, इथं लॉगिन करा" असा मेटाच्या नावानं मेसेज येतो, ती लिंक उघडायचीच नाही. इन्स्टा आणि व्हॉट्सॲप दोन्हीला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे लॉगिनला आणखी एक कोड मागायची सोय, आजच चालू करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

पुढं काम वाढलं आणि एखाद्या एजन्सीला किंवा गल्लीतल्या पोराला पेज सांभाळायला दिलं, तर अकाउंट तुमच्याच नंबरवर आणि तुमच्याच ईमेलवर उघडा, त्यांना फक्त काम करायची परवानगी द्या. जाहिरातीचं कार्ड तुमचं असू दे, खर्चाचा रिपोर्ट दर महिन्याला मागा, आणि मूळ फोटो-व्हिडिओ एका पेन ड्राईव्हवर स्वतःकडं घेऊन ठेवा. एजन्सीशी वाजलं की अकाउंट त्यांच्या ईमेलवर असल्यामुळं सगळे फॉलोअर हातातनं गेले अशी दुकानं मी बघितली आहेत, आणि नवीन पेजवर तीच माणसं परत गोळा करायला लई वेळ जातो. ज्या दिवशी त्यांचं काम थांबेल त्या दिवशी त्यांची परवानगी काढा, पासवर्ड बदला आणि व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाईसमध्ये जाऊन त्यांचा लॅपटॉप लॉग आऊट करा.